‘पागोळी’ची वही

एका छोट्या हायस्कूलच्या अंकाचं काम करताना ठेवलेल्या नोंदी, जून २०२४ ते मार्च २०२५

१८ जून २०२४, मंगळवार

शाळा शनिवारी उघडली. स्टाफरूममधलं लोखंडी कपाट दमट हवेने असं बसलं होतं की शिपाईमामांनी दोन ठोके घातल्यावर दार हललं. आत शाळेची जुनी हस्तलिखितं. एकूण अकरा, त्यातली तीन वाळवीने आतून पोखरलेली. वरून अंक, उघडला की माती. सगळ्यात जुनं १९८७ चं, शेवटचं २००६ चं. अकरापैकी नऊ मुखपृष्ठांवर उगवता सूर्य आहे. दहाव्यावर मावळता असावा, कारण खाली समुद्र आहे आणि आमच्याकडे सूर्य समुद्रात मावळतो. तेवढा एकच चित्रकार खिडकीबाहेर बघून काढणारा निघाला.

मुख्याध्यापक सरांना विचारलं, यंदा अंक काढू का? म्हणाले, “काढा. पण खर्च नको, आणि दहावीच्या मुलांना त्यात ओढू नका.” दोन्ही अटी पाळल्या जाणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

नंतर कुणी ही वही वाचली तर कळावं म्हणून लिहून ठेवते: शाळा देवगड तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. आठवी ते दहावी, पट ८७. सर धरून सहा शिक्षक, एक लिपिक, एक शिपाईमामा. मी मराठी आणि इतिहास शिकवते, आणि वेळ पडली तर चित्रकलेचा तासही घेते.

२ जुलै, मंगळवार

परिपाठात सूचना दिली होती की अंकासाठी लिहून आणा. चौतीस कागद आले. सहा ‘मोबाईल : शाप की वरदान’. पाच ‘झाडे लावा, झाडे जगवा’. आईवरची एकच कविता तिघांनी दिली, तिघांनीही खाली स्वतःचं नाव घालून, आणि एकाने वर ‘स्वरचित’ असंही. ‘आजच्या धकाधकीच्या आणि वेगवान युगात’ अशी सुरुवात सातजणांची. या गावात सकाळची गाडी चुकली की दुपारपर्यंत दुसरी नाही. कुठलं वेगवान युग?

मुलांवर चिडून उपयोग नाही. आपणच त्यांना पाचवीपासून निबंध पाठ करायला लावलेत. अंक म्हटल्यावर त्यांनी निबंध आणला.

५ जुलै, शुक्रवार

अंकाचा विषय सध्या बाजूला. आधी भित्तिपत्रक, दर शुक्रवारी. मंडळ सात जणांचं: दहावीतल्या दोघी (सरांची अट पहिल्याच दिवशी मोडली), नववीतले तिघे, आठवीतले दोघे. दहावीतली एक जण संपादक. ती शाळेत सगळ्यात जास्त प्रश्न विचारते, हीच तिची पात्रता.

नियम एकच ठरवला. जे पाहिलं, विचारलं किंवा मोजलं तेच लिहायचं. निबंध, सुविचार, बोधकथा नकोत. ते परिपाठात रोज होतंच.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत, हे मुलांना सांगितलं. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं, हेही. संपादक म्हणाली, “रोज? एकट्याने?” मग जरा थांबून, “त्यांना ऑनलाइन माहिती भरायची नव्हती ना, बाई.” स्टाफरूममध्ये या वाक्याला त्या दिवशीची सर्वाधिक दाद मिळाली.

१२ जुलै, शुक्रवार

पहिलं भित्तिपत्रक लागलं. एक ड्रॉइंग पेपर, चार मजकूर. सगळ्यात जास्त गर्दी ‘या आठवड्याचा पाऊस’ या चौकटीसमोर. विज्ञानाच्या सरांनी नववीच्या मुलांकडून पाण्याच्या बाटलीचं पर्जन्यमापक करून घेतलं आहे: बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, बुडाचा खडबडीतपणा झाकेल इतकं पाणी आधीच ओतून तिथे शून्याची रेघ मारायची, पुढे पट्टी चिकटवायची. पट्टी १५ सेंटिमीटरची. सोमवारी सकाळी बाटली वाहत होती, म्हणून चौकटीत लिहिलं: ‘सोमवार – १५० मिलिमीटरपेक्षा जास्त. पट्टी संपली.’ आख्ख्या भित्तिपत्रकातलं हे मला सर्वांत आवडलेलं वाक्य.

मधल्या सुट्टीनंतर जोराची सर आली. फलक व्हरांड्यात असला तरी पागोळ्यांचं पाणी उडून खालचे दोन मजकूर धुऊन गेले. स्केचपेनची शाई भिंतीवर ओघळली आहे. शिपाईमामा नाराज.

१९ जुलै, शुक्रवार

नाव ठरवायची सभा. ‘अंकुर’, ‘पालवी’, ‘क्षितिज’, ‘उमेद’ फळ्यावर आले आणि कुणालाच त्यांचं काही वाटेना. नववीतल्या एकाने गंभीर चेहऱ्याने ‘घंटा’ सुचवलं. मागच्या बाकावर खसखस पिकली. मला अर्थ कळला नाही असं मी दाखवलं, मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं. सरांनी मात्र ऐकताक्षणी “नाही” म्हटलं.

आठवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “पागोळी ठेवूया. नायतरी तीच पुसता आपला लिवलेला.” बारा विरुद्ध चार मतांनी ‘पागोळी’. सभेला मंडळाबाहेरचेही आले होते. फलक आता आतल्या भिंतीवर, वर प्लास्टिक.

१३ ऑगस्ट, मंगळवार

ही नोंद नीट लिहायची आहे, कारण यात माझं चुकलं.

शुक्रवारच्या अंकात नववीतल्या दोघींनी बातमी दिली होती. मथळा: ‘मुलींच्या टाकीत पाणी नाही, आज अकरावा दिवस.’ मोटर कधी जळली, विहिरीवरून रोज किती बादल्या आणाव्या लागतात (सरासरी १४), त्यात किती जणींचा कुठला तास बुडतो, एवढंच. विशेषणं एकही नाही. वर्गात मी जे शिकवते ते त्यांनी तंतोतंत केलं होतं.

काल सरांनी बोलावलं. पंधरा ऑगस्टला संस्थेची माणसं ध्वजवंदनाला येणार, तोवर ती बातमी काढा म्हणाले. मी वाद घातला नाही. स्वतः जाऊन चार टाचण्या काढल्या आणि कागद वहीत ठेवला. आज मुलींनी विचारलं, “खोटं होतं काय?” मी म्हटलं, नाही. “मग?” मग काय, मला उत्तर देता आलं नाही.

त्या जागी दुसरं काही लावायला त्यांनी नकार दिला. फलकावर मधोमध एक रिकामा चौकोन, चार कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं. आणीबाणीत, २८ जून १९७५ ला, इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी छापली होती. या दोघींना ते माहीत असण्याचं कारण नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पंधरा ऑगस्टला चहाच्या वेळी संस्थेच्या एका वयस्कर सभासदांनी फलक वाचता वाचता विचारलं, “इथे काय होतं?” शेजारी उभ्या आठवीतल्या पोराने बादल्यांच्या हिशेबासकट सगळं सांगून टाकलं. मोटर मंगळवारी दुरुस्त झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. सरांनी नंतर मला फाइल दाखवली. मोटरसाठी त्यांनी संस्थेला आधीच तीन पत्रं दिलेली होती, पहिलं मोटर जळाल्याच्या दुसऱ्या दिवशी. ते म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही.” खरंच कुणी विचारलं नव्हतं. मुलींनी नाही, आणि मजकूर तपासणारी म्हणून मीही नाही. आजच्या ‘पागोळी’त बातमी पुन्हा लागली: आधीचा मजकूर जसाच्या तसा, खाली सरांची बाजू, तीन पत्रांच्या तारखा, आणि दुरुस्तीचा दिवस. सर मधल्या सुट्टीत येऊन वाचून गेले. बोलले काही नाहीत, पण टाचणी निसटली होती ती दाबून बसवली.

आता दुसरा नियम झाला: ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. मुलं शिक्षक झाली, मी दिवसभर मागच्या बाकावर. परवापासून गणपती. कोकणात या दिवसांत शाळेचं नाव काढायचं नसतं. ‘पागोळी’लाही सुट्टी.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीही सोबत. परिपाठात बातमी वाचली, टाळ्या झाल्या. नववीतल्या एकाने विचारलं, “म्हणजे मालवणी पण अभिजात झाली काय?” मी म्हटलं, मराठीची बोली आहे ती, तर झालीच की. तो म्हणाला, “मग पेपरात लिवली तर चलात?”

नाही, चालणार नाही. मी ते सांगितलं आणि सांगताना मला बरं वाटलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

वार्षिक अंकाचं काम खऱ्या अर्थाने सुरू. छापील काढायचा असं ठरलंय (सरांची दुसरी अटही गेली). मजकूर मुलं घरच्या मोबाईलवर बोलून टाइप करतात आणि मला पाठवतात. त्या दिवशीच्या प्रश्नकर्त्याचा, म्हणजे मालवणीवाल्याचा, लेख आला. पहिलं वाक्य: ‘माझे आजोबा पहाटे चार वाजता रावण ओढायला जातात.’ पुढे रावण समुद्रात सोडतात, रावणाला दोन्ही बाजूंनी दोर बांधतात, आणि शेवटी रावणात बांगडे सापडतात. मी एकटीच हसत बसले होते. घरचे विचारायला लागले काय झालं.

रापण. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांची रांग, आणि ओढायचं. मग मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. मुलगा सातवीपासून सुट्टीच्या दिवशी ओढायला जातो, त्याला अर्धा वाटा मिळतो. हे सगळं त्याने लिहिलंय. शिवाय पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळी घेरणाऱ्या यांत्रिक बोटींवर दोन परिच्छेद, जे त्याच्या वडिलांचे असावेत.

रावणाची रापण केली आणि मग लाल पेन हातात होतंच म्हणून पुढेही गेले. त्याने लिहिलं होतं: आजो म्हणता, दोर हातात इलो की मासो किती हा ता कळता. मी केलं: ‘आजोबा म्हणतात, दोर हातात येताच माशांच्या विपुलतेची कल्पना येते.’

१४ ऑक्टोबर, सोमवार

लेख त्याला वाचायला दिला. त्याने शांतपणे वाचला, परत दिला आणि म्हणाला, “आजो असा बोलत नाय.”

मी समजावलं की छापील अंक आहे, संस्थेची माणसं वाचणार, मुंबईचे माजी विद्यार्थी वाचणार. संपादकबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, मुंबईवाल्यांनाच जास्त आवडेल की.” मग म्हणाल्या, “तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. बाकी आम्ही बघतो.”

मला राग आला होता. वीस वर्षं लाल पेन चालवते आहे. घरी जाऊन पुन्हा वाचलं. विपुलता हा शब्द मी स्वतः शेवटचा कधी बोलले होते, ते आठवेना.

ठरलं ते असं: निवेदन मुलांच्या वर्गातल्या मराठीत, माणसं बोलतील ती त्यांच्या बोलीत, कंस आणि अर्थाशिवाय. मी ऱ्हस्व-दीर्घ बघणार. मालवणीचे ऱ्हस्व-दीर्घ कोण बघणार यावर एकमत झालं नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलामांचा फोटो, हार, अर्धा तास मूक वाचन. दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. म्हणजे आता प्रशिक्षण, मतदान केंद्र, साहित्य ताब्यात घेणं. आमच्यातल्या चौघांची नावं यादीत असतीलच.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी गेली, परवा मतदान झालं. महिनाभरात अंकाचं काम शून्य. मुलांनी मात्र सुट्टीत एक केलं: आठवीतल्या दोघांनी गावातल्या सहा म्हाताऱ्यांना विचारून पावसाच्या शब्दांची यादी आणली. शिंतोडे, सर, झड, मुसळधार हे मला माहीत होते. बाकीचे निम्मे मी पहिल्यांदा ऐकले, आणि मी इथलीच.

११ डिसेंबर, बुधवार

जत्रांचे दिवस. पहिल्या तासाला नववीच्या वर्गात पाच मुलं गाढ झोपलेली. रात्री दशावतार, पहाटेपर्यंत. त्यातला एक स्वतः संकासुराच्या मागे टाळ धरून उभा होता, म्हणजे त्याला तर झोपायचा अधिकारच आहे. मी त्याला उठवलं नाही. दुसऱ्या तासाला त्याच्या बाकावर कागद ठेवला: ‘रंगपटात काय काय बघितलंस ते लिही. दीड पान.’

दीड पानात त्याने लिहिलंय की राजाचं काम करणारे काका तोंडाला रंग लावताना बायकोशी फोनवर आंब्याच्या फवारणीबद्दल बोलत होते, आणि तलवार कमरेला लावल्यावरही बोलणं चालूच होतं. शेवटी “ठेव आता, माझी एन्ट्री हा” म्हणून पडद्यातून बाहेर. घेतला. एक शब्द बदलला नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

तालुक्याच्या छापखान्यात गेले, संपादक आणि नववीतला एक जण सोबत. दर: २५० प्रती, ए-फाइव्ह आकार, आतली ४८ पानं एकरंगी, ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो कागद, मुखपृष्ठ चार रंगांत २५० जीएसएम आर्ट कार्डवर, मध्ये पिना. १५,२०० रुपये.

मुलांनी विचारलं, पन्नास पानं केली तर? छापखानेवाल्या काकांनी उत्तर दिलं नाही. एक रद्दी कागद घेतला, तीन घड्या घातल्या, कडेने पेन्सिलने पानांचे आकडे टाकले, एक ते सोळा. मग उलगडून दाखवला. एकाच्या शेजारी सोळा, चाराच्या शेजारी तेरा, काही आकडे उलटे, काही सुलटे. “हा एक फॉर्म. सोळाच्या पटीत या. दोन पानांसाठी मी कागद कुठून फाडू?”

गाडीत परत येताना नववीतला तो कागद घडी घालत नि उलगडत बसला होता. घाट उतरल्यावर म्हणाला, “बाई, शेजारची दोन पानं मिळवली की सगळीकडे सतराच येतात.” मी बघितलं. एक-सोळा, चार-तेरा, आठ-नऊ, पाच-बारा. खरंच. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी त्याला तो कागद घेऊन फळ्यासमोर उभं केलं. अट्ठेचाळीस पानं एकात एक घालून मध्ये पिन मारली तर बेरीज किती, असा प्रश्न वर्गाला टाकला. एकोणपन्नास. या मुलाला सहामाहीत गणितात ३५ पैकी १२ होते.

६ जानेवारी २०२५, सोमवार

पत्रकार दिन. मंडळाला घेऊन पोंभुर्ल्याला गेलो, बाळशास्त्री जांभेकरांच्या गावी. आपल्याच तालुक्यात, सातपैकी एकाही मुलाने पाहिलेलं नव्हतं. १८३२ साली याच तारखेला त्यांच्या ‘दर्पण’ या वृत्तपत्राचा पहिला अंक मुंबईत निघाला. स्मारकापाशी उभं राहून सांगितलं: एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी, सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग आठवड्याने. साडेआठ वर्षं चाललं.

संपादकाने त्यांचं तेव्हाचं वय विचारलं. म्हटलं, विशीच्या आतबाहेर. तिने मनात काहीतरी हिशेब केला. “म्हणजे माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे.” मग दुसरा प्रश्न: “जाहिराती कोण आणायचं?”

तो प्रश्न आमचाच होता.

१६ जानेवारी, गुरुवार

जाहिरातींची मोहीम. पूर्ण पान १०००, अर्धं ५००, शुभेच्छांची ओळ १००. पहिल्या दिवशी मी सोबत गेले तर दुकानदार माझ्याशीच बोलत होते, मुलं कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले नाही; मुलांनी चार अर्धी पानं आणली. किराणावाल्याने उधारीवर अर्धं पान घेतलं. मुलांनी त्याला पावती दिली, पावतीवर लाल पेनने ‘येणे बाकी’.

आतापर्यंत: पूर्ण ५, अर्धी ९, ओळी २३. एकूण ११,८००. जुन्या विद्यार्थ्यांच्या एका बॅचने मुंबईहून ३००० पाठवले. साडेदहा पानं जाहिरातींत गेली म्हणून संपादक रागावलेली. तिला म्हटलं, जांभेकरांनाही विचार.

२९ जानेवारी, बुधवार

पहिली मुद्रितं, म्हणजे तपासायच्या कच्च्या प्रती, आली. रडायचं बाकी होतं.

आम्ही मजकूर युनिकोडमध्ये दिला. छापखान्यातला ऑपरेटर जुन्या फॉन्टमध्ये काम करतो, त्याने तो बदलून घेतला, आणि बदलताना सगळे ‘ऱ्य’ मोडून ‘र्य’ झाले. किनार्यावर, वार्याने, दुसर्या. हे वाचता तरी येतं. पण दहावीच्या सहलीच्या लेखात ‘सह्याद्रीच्या खोल दऱ्या’ होत्या, तिथे आता ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’ आहे. म्हणजे सह्याद्रीत समुद्र शिरला. आणि स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तात जेवण करणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानले होते ते ‘आचार्यांचे आभार’ झाले आहेत. सर म्हणाले, राहू दे, आचारी खूश होईल.

४८ पानांत असे २११ ठिकाणी. मुलांनी दोन-दोनच्या जोड्या केल्या: एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून चालायचं. वाचणाऱ्याने स्वल्पविरामसुद्धा “स्वल्पविराम” असा उच्चारायचा. ही पद्धत मी माझ्या बाईंकडून शिकले. संध्याकाळी सहापर्यंत व्हरांड्यात पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद. शिपाईमामा किल्ल्या वाजवत उभे.

मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांचा कागद मी भिंतीवर लावला होता. चौदा १९६२ चे, चार १९७२ चे, एकूण अठरा. ‘शेवटचा इकार-उकार दीर्घ, अपवाद आणि, नि’ हा सगळ्यांना पाठ झाला. ‘विद्यार्थी’ दीर्घ पण ‘विद्यार्थिनी’ ऱ्हस्व, हा मात्र दर वेळी कुणीतरी चुकत होतं, आणि जो चुकेल त्याने सगळ्यांना शेंगदाणे आणायचे असं ठरलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी मुद्रितं बरी. संपादकीय मी रात्री बसून लिहिलं आणि थेट छापखान्याला पाठवलं. वेळच नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दहावीचा निरोप समारंभ. अंक आजच यायचा होता. लग्नपत्रिकांची घाई म्हणून मशीन मिळालं नाही. संपादक भाषणात अंकाबद्दल बोलणार होती, ते पान तिने वगळलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंक आले! पाच गठ्ठे, रिक्षातून. उद्या दहावीचा पहिला पेपर, मराठीचाच. मुलं दुपारी केंद्रावर बैठक व्यवस्था बघायला जाणार होती. सर म्हणाले, अंक पेपर संपल्यावर द्या, नाहीतर रात्रभर हेच वाचत बसतील. मी गठ्ठे कपाटात ठेवले.

तीन वाजता केंद्राच्या फाटकाबाहेर बघते तर सर स्वतः पिशवीतून एकेक अंक काढून दहावीच्या मुलांना देत होते. मला बघून म्हणाले, “मुखपृष्ठ बघू दे त्यांना. आत उघडायचं नाही असं सांगितलंय.”

मुखपृष्ठावर आठवीतल्या मुलीने काढलेली कौलं, आणि कौलांवरून पडणारं पाणी. सूर्य नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. रीतसर प्रकाशन. रिबन सुटेना, शेवटी कात्री आणली. रापणीच्या लेखाचं वाचन लेखकानेच करायचं आणि त्याच्या आजोबांनी पहिल्या रांगेत बसायचं असं ठरलं होतं. दोघेही आले नाहीत. पहाटे रापणीला बांगडा लागला होता, दुपारपर्यंत वाटे चालू होते.

लेख संपादकाच्या मैत्रिणीने वाचला. ‘दोर हातात इलो की’ आलं तेव्हा मागे बसलेल्या पालकांमधून एक बाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग सगळेच हसले.

नातू दुसऱ्या दिवशी आला. माझ्यासाठी कागदात गुंडाळून चार बांगडे.

४ मार्च, मंगळवार

हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला.

जमा: जाहिराती ११,८००, माजी विद्यार्थी ३०००, विद्यार्थ्यांना २० रुपये दराने ८७ अंक, १७४०. एकूण १६,५४०.
खर्च: छपाई १५,२००, प्रवास ३६०, झेरॉक्स २४०, ड्रॉइंग पेपर, टाचण्या वगैरे १७५. एकूण १५,९७५.

शिल्लक ५६५. त्यातले ५०० किराणावाल्याकडे. हातात ६५.

नववीतल्या दोघींनी, मोटरवाल्या त्याच, अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचून चुकांची यादी केली आहे. एकूण नऊ. आठ छपाईच्या. नववी पान ३ वर, सातव्या ओळीत, संपादकीयात, म्हणजे माझ्या लेखात: ‘आमच्या विद्यार्थीनींनी’. यादी देताना दोघींच्या चेहऱ्यावर काहीही भाव नव्हते. “बाई, तुम्हाला आधी विचारायचं असा नियम आहे म्हणून विचारतो. हे छपाईवाल्यांचं का तुमचं?”

माझं.

शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या झेरॉक्स करून कापून ठेवल्या आहेत. उरलेल्या ८४ प्रतींवर उद्या चिकटवायच्या. ६५ रुपयांतून डिंक आणि शेंगदाणे.